‘कमिट’ या एका शब्दाचा गुंता : तर्कभाषा आणि अनेक डेटाबेसमधील व्यवहार

संबंधात्मक डेटाबेसचे, म्हणजे माहिती तक्त्यांत मांडण्याचे, प्रारूप १९७० साली मांडले गेले, तर प्रोलॉग ही तर्कभाषा, म्हणजे तर्काच्या नियमांत आज्ञावली लिहिण्याची संगणकभाषा, १९७२च्या सुमारास मार्सेय येथे आकाराला आली. दोहोंचे मूळ तर्कशास्त्रात असल्याने माहिती शोधण्यापुरती त्यांची सोयरीक लवकर जुळली. अनेक डेटाबेसमध्ये मिळून व्यवहार, म्हणजे एकतर पूर्ण व्हावेत नाहीतर मुळीच होऊ नयेत असे बदल, पार पाडण्याचा प्रश्न मात्र अडून राहिला.

१९७०च्या दशकाच्या अखेरीस पुढे आलेल्या ‘टू-फेज कमिट’ पद्धतीत प्रत्येक डेटाबेसने आधी ‘तयार आहे’ असे कळवायचे आणि सर्वांना जुळवून घेणाऱ्या समन्वयकाचा अंतिम निर्णय येईपर्यंत आपल्या नोंदींवरील लॉक (इतरांना त्या बदलू न देणारे कुलूप) सोडायचे नाही, असा नियम असतो. मुंबईहून नागपूरला जाणाऱ्याच्या विमानाची जागा एकाकडे, रेल्वेचा बर्थ दुसऱ्याकडे आणि मुक्कामाची खोली तिसऱ्याकडे असेल, तर परक्याच्या निर्णयासाठी आपल्या नोंदी कोण अडकवून ठेवील? मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद येथील रेल्वे आरक्षणाच्या संगणकांचे मालक तर एकच होते, तरीही ते सर्व एकमेकांशी जोडले जायला १९९९ साल उजाडले.

१९८७मध्ये मांडल्या गेलेल्या ‘सागा’ संकल्पनेने वाट दाखवली. लांबलचक व्यवहाराचे तुकडे करावेत, प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे पक्का व्हावा आणि पुढे बिनसल्यास भरपाईचा उलटा व्यवहार करावा. त्यापाठोपाठ ‘विमान नाही तर रेल्वे’ असे पर्याय सामावणारे लवचिक व्यवहार आले. ते लिहिण्यास तर्कभाषा फार सोयीच्या, कारण एकाच उद्दिष्टासाठी अनेक नियम लिहिणे हा त्यांचा स्वभावच आहे.

खरा गुंता येथे झाला. डेटाबेसमध्ये ‘कमिट’ म्हणजे बदल कायम करणे. अनेक नियम एकाच वेळी तपासणाऱ्या समांतर तर्कभाषांमध्ये ‘कमिट’ म्हणजे नियमाचा गार्ड, म्हणजे त्याच्या सुरुवातीची अट, पूर्ण होताच तो नियम निवडून उरलेले पर्याय कायमचे सोडणे. म्हणजे विमानाची जागा पक्की होण्याआधीच रेल्वेचा पर्याय हातचा जाण्याची शक्यता होती. उलट प्रोलॉगचे बॅकट्रॅकिंग, म्हणजे एक वाट फसल्यावर मागे येऊन दुसरी धरणे, चलांना दिलेली मूल्ये रद्द करते, पण दूरच्या डेटाबेसमध्ये काढलेले तिकीट तसेच राहते. १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात काही संशोधकांनी व्यवहारालाच भाषेत स्थान दिले आणि भरपाईची कृती त्याच्याबरोबरच लिहिण्याची सोय केली. अर्धवट निकाल इतरांना दिसतात, हा त्यावरील आक्षेप खरा होता : बर्थ दहा मिनिटे अडकून पुन्हा सुटला, तरी तोवर खिडकीवरचा प्रवासी परत गेलेला असतो. असे असूनही डेटाबेसची स्वायत्तता राखणारा दुसरा व्यवहार्य मार्ग तेव्हा समोर नव्हता, असे आमचे मत आहे.

पुढे मायक्रोसर्व्हिसेसच्या, म्हणजे मोठी प्रणाली लहान स्वतंत्र सेवांत विभागण्याच्या, काळात सागा पुन्हा वापरात आली. २०१०नंतर डेटालॉग या डेटाबेससाठीच्या तर्कभाषेच्या परंपरेतून प्रश्नच उलटा विचारला गेला : समन्वय टाळता कोठे येईल? ज्या आज्ञावलीत नव्या माहितीने आधीचा निष्कर्ष कधीच रद्द होत नाही, तेथे तो लागत नाही. ‘बर्थ शिल्लक नाही’ हे विधान मात्र नकारावर उभे असल्याने, आरक्षणात त्या जागी समन्वय आजही करावाच लागतो.