इंडक्शन शेगडीवरील भांडी

इंडक्शन शेगडीवरील भांडी : विद्युत् चुंबकीय प्रवर्तनाच्या, म्हणजे बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे धातूत वीजप्रवाह निर्माण होण्याच्या, तत्त्वावर चालणाऱ्या शेगडीसाठी योग्य अशी, सपाट व लोहचुंबकीय (चुंबक चिकटेल अशा) बुडाची स्वयंपाकाची भांडी. या शेगडीत ज्वाला नसते आणि लाल होणारी तारही नसते. काळ्या सिरॅमिक काचेखाली तांब्याच्या तारेचे चपटे वेटोळे असते. त्यातून साधारणपणे २० ते १०० किलोहर्ट्‌झ कंप्रतेचा प्रत्यावर्ती (सतत दिशा बदलणारा) प्रवाह वाहू लागला की वर ठेवलेल्या भांड्याच्या बुडात भोवरा प्रवाह (धातूतच गोल फिरणारे वीजप्रवाह) उत्पन्न होतात आणि धातूच्या रोधामुळे उष्णता त्या बुडातच निर्माण होते. मायकेल फॅराडे यांनी १८३१ मध्ये शोधलेल्या प्रवर्तनाचा हा घरगुती उपयोग होय. भांडे हा येथे शेगडीचाच एक भाग असल्यामुळे ते अयोग्य असले, तर शेगडी नुसती शिटी देऊन बंद होते.

लोखंड, बीड आणि चुंबकीय स्टेनलेस स्टील हे पदार्थ या कामाला उत्तम. त्यांच्यात भोवरा प्रवाह बुडाच्या अगदी पातळ थरात एकवटतो व त्याला रोधही पुरेसा होतो. तांबे, पितळ व ॲल्युमिनियम यांत तो अधिक जाड थरात सहजपणे वाहतो, त्यामुळे उष्णता फारच थोडी निघते. मातीच्या व काचेच्या भांड्यांत तर प्रवाह निर्माणच होत नाही. स्टीलच्या बाबतीत मात्र आपल्याकडील एक जुनी समजूत आड येते. ‘चुंबक चिकटत नाही ते चांगले स्टील’ अशी पारख अनेक घरांत सांगितली जाते आणि तिच्यात थोडे तथ्यही आहे, कारण सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असलेले ३०४ प्रतीचे स्टील सहसा चुंबकाला दाद देत नाही. इंडक्शनसाठी ही पारख नेमकी उलटी करावी लागते : ४३० प्रतीचे, जवळजवळ निकेलविरहित स्टील येथे उपयोगी पडते. म्हणूनच रुखवतात आलेले जाडजूड पातेले निरुपयोगी ठरते आणि त्याहून स्वस्त टोप चालतो. चांगल्या भांड्यांत दोन्ही साधलेले असते. आत ३०४ स्टील, मध्ये उष्णता पसरवणारा ॲल्युमिनियमचा थर आणि तळाला चुंबकीय स्टील.

खरेदीला जाताना फ्रिजवरचा चुंबक सोबत न्यावा व तो बुडाच्या मध्यभागी लावून पाहावा, काठाला नव्हे. तथापि चुंबक चिकटला म्हणजे काम झाले असे नाही. चुंबकीय क्षेत्र काचेपासून थोड्या अंतरावरच क्षीण होते, त्यामुळे गोल बुडाची कढई किंवा मध्ये फुगलेला तवा नीट तापत नाही. बुडाचा व्यास १२ सेंटिमीटरपेक्षा बराच लहान असला, तर अनेक शेगड्या भांडे ओळखतच नाहीत. फोडणीच्या कढल्याची अडचण हीच. उलट मोठ्या तव्यावर वेटोळ्याएवढेच वर्तुळ तापते आणि घावनाचा मधला भाग करपत असताना कडा पांढुरक्या राहतात. अशा वेळी मध्यम आचेवर तवा काही मिनिटे तापू देणे हाच उपाय.

ॲल्युमिनियमचा साधा कुकर चालत नाही. इंडक्शनसाठीच्या कुकरच्या बुडाला स्टीलची चकती बसवलेली असते. आतील डबे किंवा इडलीपात्रातील ताटल्या कोणत्याही धातूच्या चालतात, कारण तापते ते बाहेरचे भांडे. अयोग्य भांड्याखाली ठेवायची लोखंडी चकती बाजारात मिळते, पण तिच्यामुळे शेगडीची साध्या हॉटप्लेटसारखी गत होते, वीज वाया जाते आणि काचही फार तापते. ती न घेणेच बरे.

पातळ बुडाचे भांडे पूर्ण आचेवर रिकामे ठेवल्यास काही सेकंदांतच कमालीचे तापते व बूड वाकडे होते. तेल आधी घालून आच कमी ठेवली नाही, तर मोहरी तडतडण्याआधीच हिंग जळतो. बिडाचा तवा काचेवरून ओढू नये, उचलून ठेवावा. साखरेचा पाक सांडल्यास तो काचेला घट्ट धरतो, म्हणून शेगडी बंद करून पाक कडक होण्याआधी, हात भाजणार नाही अशा बेताने तो काढावा. २,००० वॉटची शेगडी २३० व्होल्टला जवळपास ९ अँपिअर प्रवाह घेते, त्यामुळे तिला १६ अँपिअरचेच सॉकेट हवे.

भांडे कितीही योग्य असले तरी काही पदार्थांना ज्वालाच लागते. भाकरी तव्यावरच फडक्याने कडा दाबून फुगवता येते. भरताच्या वांग्याला मात्र गॅस किंवा निखारे शोधावे लागतात.