सफेद मुसळी

सफेद मुसळी : (क्लोरोफायटम बोरिविलियानम, कुल–ॲस्पॅरॅगेसी). पावसाळ्यात पांढरी फुले धरणारी, मांसल मुळांची ही लहान बहुवर्षायू वनस्पती पश्चिम व मध्य भारतातील पानझडी वनांत रानटी आढळते. क्लोरोफायटम प्रजातीत (जीनस) सुमारे 200 जाती (स्पीशीज) असून त्यांतील बहुसंख्य आफ्रिकेत आहेत. कुंड्यांतून सर्रास दिसणारा स्पायडर प्लांट त्यांपैकीच. जुन्या ग्रंथांत ही प्रजाती लिलिएसी (पलांडु) कुलात आढळते. नंतर काहींनी अँथेरिकेसी हे वेगळे कुल मानले. 2009 च्या एपीजी (सपुष्प वनस्पतींच्या जातिवृत्तावर आधारलेल्या) वर्गीकरणानुसार तिचा समावेश ॲस्पॅरॅगेसीत होतो व येथे तोच ग्राह्य धरला आहे.

या जातीचे शास्त्रीय वर्णन सांतापाव आणि फर्नांडिस या वनस्पतिज्ञांनी मुंबईजवळच्या बोरिवलीच्या जंगलातील नमुन्यांवरून केले; जातिनामही त्या गावावरून आले. प्रसिद्धीचे वर्ष कोठे 1954, तर कोठे 1955 दिलेले आढळते. वर्णन इतके अलीकडचे असल्यामुळे निघंटूंतील (औषधी द्रव्यांच्या जुन्या संस्कृत कोशांतील) मुसली म्हणजे हीच वनस्पती काय, हा प्रश्न उरतो. राजनिघंटूत मुसलीचे दोन प्रकार सांगून श्वेत प्रकार कमी गुणांचा मानला आहे. मात्र त्या ग्रंथाचा काळच अनिश्चित असून अभ्यासक तो 13 व्या ते 17 व्या शतकांदरम्यान निरनिराळ्या ठिकाणी ठेवतात. जुन्या औषधिकोशांत सफेद मुसळी या नावाखाली शतावरीच्या प्रजातीतील ॲस्पॅरॅगस ॲडसेंडेन्सची मुळे दिलेली आढळतात, तर इतर काहींनी क्लोरोफायटम ट्यूबरोसम व क्लोरोफायटम अरुंडिनेसियम या जाती सुचविल्या आहेत. प्राचीन नाव एकाच जातीला चिकटविण्यापेक्षा ते पांढऱ्या मुळांच्या औषधींचे व्यापारी नाव मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

रानातील ओळख : पहिल्या पावसानंतर जमिनीतील खोडापासून लांब, गवतासारख्या पानांचा झुबका निघतो. या अवस्थेत जात सांगणे धाडसाचे ठरते. पुढे पानांच्या मधून ताठ पुष्पदंड येतो व त्यावर पांढरी फुले बहुधा तीन-तीनच्या पुंजक्यांनी, एकाआड एक लागतात. परिदले (पाकळ्यांसारखी दले) सहा, दोन मंडलांत व तळापर्यंत सुटी. केसरदले (पुंकेसर) सहा, परागकोश पिवळे. एकेक फूल जेमतेम दिवसभर टिकते, त्यामुळे सकाळी पाहणे बरे.

प्रजातीची खूण फुलाच्या देठात आहे. देठावर बारीक आडवा सांधा असतो. न फळलेले फूल तेथून गळते आणि सांध्याखालचा तुकडा दांड्यावर खुंटासारखा राहतो. फूल संपलेल्या दांड्यावर भिंग धरले तरी हे खुंट मोजता येतात. बोंड त्रिकोणी, बिया काळ्या असतात.

जातीजातींतील भेद मात्र बारीक आहेत. सफेद मुसळीची मांसल, दंडाकृती मुळे थेट खोडापासूनच जुडीने फुटतात. क्लोरोफायटम ट्यूबरोसममध्ये गाठी बारीक मुळांच्या टोकांना लोंबतात व फुलेही मोठी असतात. क्लोरोफायटम ग्लॉकमची पाने निळसर झाक असलेली असतात. मुळे हे लक्षण खात्रीचे असले तरी ते पाहण्यासाठी झाड उपटावे लागते. म्हणून काही वनस्पतिज्ञ केसरतंतू व परागकोश यांच्या लांबीच्या प्रमाणावर भर देतात, आणि विरळ झालेल्या वनस्पतीबाबत तोच मार्ग श्रेयस्कर होय. हे माप ताज्या फुलावरच घ्यावे. वाळलेल्या नमुन्यात तंतू आकसतात. या जातीची गुणसूत्रसंख्या 16 आहे.

फुलोऱ्याआधी काळ्या मुसळीशी (कर्क्युलिगो ऑर्किऑइड्स) गल्लत होते. तिची पाने घडीदार शिरांची, फुले पिवळी व जमिनीलगत, आणि खाली सरळ उतरणारे एकच काळपट खोड असते. दीपकाडीची (डिपकॅडी) फुलेही पांढरट असतात, पण त्यांची परिदले खाली जुळून नळी होते व जमिनीत कांदा असतो. रानकांद्यालाही कांदा असतो. त्याची फुले उन्हाळ्यात, पानांच्या आधी येतात. रानकांदा विषारी असल्याने पानांवरून भाजी खुडणाऱ्यांनी हा फरक विसरू नये. कोवळ्या पानांची भाजी फोडशी किंवा कुलू या नावांनी परिचित आहे. त्या नावांखाली या प्रजातीच्या एकाहून अधिक जाती खुडल्या जातात.

मुळांत सॅपोनिने (पाण्यात फेस आणणारी संयुगे) असतात. साल काढून वाळविलेली मुळे बलवर्धक म्हणून विकली जातात. या मागणीपायी रानातून फार उपसा झाला. आता महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान व मध्य प्रदेशात लागवड होते. चालू शतकात सह्याद्रीतून क्लोरोफायटम कोल्हापुरेन्स, गोठणेन्स व बेळगावेन्स या जाती वर्णिल्या गेल्याने जुन्या ओळख-सूची पश्चिम महाराष्ट्रात सावधपणे वापराव्या लागतात.