पाऊस पलीकडे, पूर अलीकडे

विदर्भातला मोठा पूर बहुतेक वेळा राज्याच्या हद्दीबाहेर सुरू होतो. वर्धा नदी उगम पावते बैतुल जिल्ह्यात मुलताईजवळ, वैनगंगा शिवनी जिल्ह्यात. ३० जुलै १९९१ला वर्धेने नरखेड तालुक्यातलं मोवाड धुऊन नेलं, दोनशेहून अधिक माणसं गेली. तरी राज्यात आपत्तीच्या नियोजनाला खरा वेग आला तो १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर. जिल्हावार आराखडे आणि नियंत्रण कक्ष ही त्या काळातली कामं. पुढे त्सुनामीनंतर २००५चा केंद्रीय आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे आलं.

इथेच खरी अडचण आहे. आराखडा जिल्ह्याचा, नदी दोन-तीन राज्यांची. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस मध्य प्रदेशात धो धो पाऊस झाला, तिथल्या वैनगंगेवरच्या संजय सरोवर धरणातून विसर्ग वाढला, पेंच-कन्हान या नद्यांचं पाणी त्यात मिसळलं आणि खाली वैनगंगेवरच्याच गोसीखुर्द धरणाचे ३३ही दरवाजे उघडावे लागले. भंडारा शहरात पाणी शिरलं. खाली ब्रह्मपुरी तालुक्यात धानाच्या बांध्या बुडाल्या, गावं पाण्याने वेढली. वरच्या धरणाचा आकडा खालच्या तहसीलपर्यंत किती तास आधी पोचतो, यावर सगळा खेळ. त्यानंतर पंचनामे, मदत, आढावा बैठका हे नेहमीचं झालंच.

पुराचं पाणी कुठवर येतं ते दाखवणाऱ्या पूररेषांची सोय कागदावर जुनी आहे. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. शहरात निदान बांधकाम परवानगीच्या वेळी तरी या रेषा कोणी विचारतं. खेड्यात नदीकाठचं घर बांधताना कोण विचारणार?

दक्षिणेला चित्र उलटं. सिरोंच्याजवळ गोदावरीवर तेलंगणाचा मेडीगड्डा बंधारा २०१९मध्ये सुरू झाला, आणि फुगवट्याचं, म्हणजे बंधाऱ्याने अडून मागे पसरणारं, पाणी शेतात शिरतं म्हणून काठच्या गावांची ओरड झाली. भामरागडला पर्लकोटा नदीच्या पुराने पावसाळ्यात तालुक्याचा संपर्क वारंवार तुटतो. पूल उंच करणं हेच तिथलं आपत्ती व्यवस्थापन, असं मला वाटतं.

२०२४मध्ये मंत्रिमंडळाने वैनगंगा-नळगंगा जोडप्रकल्प मंजूर केला. गोसीखुर्दचं जादा पाणी बुलढाण्यापर्यंत न्यायचं, म्हणजे सव्वाचारशे किलोमीटरहून लांब कालवे. पश्चिम विदर्भाच्या कोरडवाहू शेतीसाठी हे मोठं आहे. पण पुराचा लोंढा दोन-तीन दिवसांत येऊन जातो, आणि कालव्याला तेवढं पाणी तेवढ्या वेळात उचलता येत नाही.