बालकांतील सेप्सिस : अल्ब्युमिनची घट आणि केशवाहिन्यांची इजा

सेप्सिस (संसर्गाला शरीराने दिलेल्या बेताल प्रतिसादातून अवयवांना होणारी इजा) झालेल्या मुलाच्या रक्तातले अल्ब्युमिन अनेकदा पहिल्या दिवशीच घसरते. यकृतात बनणाऱ्या या प्रथिनाची पातळी मोठ्या मुलांत डेसिलिटरला साधारण ३.५ ते ५ ग्रॅम, तर नवजात बाळात त्याहून कमी असते. त्याचे अर्धायुष्य सुमारे २० दिवसांचे; त्यामुळे यकृताचे काम मंदावले एवढ्यानेच ते काही तासांत खाली येत नाही. अशी झपाट्याची घट मुख्यतः गळतीची असते. शिरेतून दिलेल्या सलाईनने रक्त पातळ होते, तो भाग वेगळा.

केशवाहिनीच्या आतून शर्करा व प्रथिनांचा ग्लायकोकॅलिक्स नावाचा बुळबुळीत थर असतो. दाहात सुटलेली विकरे (एन्झाइम) तो खरवडतात आणि त्यातले सिंडेकन-१ हे प्रथिन रक्तात वाहू लागते. अँजिओपोएटिन-२ हे संदेशवाहक प्रथिन केशवाहिनीच्या पेशींमधले सांधे सैल करते. एरवी तासाला जेमतेम ५ टक्के अल्ब्युमिन बाहेर झिरपते व लसिकेतून परत येते. सेप्टिक शॉकमध्ये (सेप्सिसमुळे रक्ताभिसरण कोलमडते तेव्हा) हा वेग कैक पटींनी वाढतो. ग्लायकोकॅलिक्सचा थर टिकवणारा स्फिंगोसिन-१-फॉस्फेट हा मेद-रेणू अल्ब्युमिनही वाहून आणते. म्हणजे गळतीतून पुढची गळती वाढण्याची वाट तयार होते.

अल्ब्युमिनसोबत पाणीही वाहिन्यांबाहेर जाते आणि खाटेपाशी यामुळे फसगत होते. पापण्या व पाय सुजलेले, पण रक्तवाहिन्या रिकाम्या: बोट ५ सेकंद दाबून सोडल्यावर रंग परतायला ३ सेकंदांहून जास्त लागतात, लघवी तासाला किलोमागे १ मिलिलिटरच्या खाली जाते. सूज पाहून या टप्प्यावर फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारे औषध) दिल्यास शॉक गहिरा होतो.

मग बाहेरून अल्ब्युमिन द्यावे का? फुटक्या माठात पाणी ओतण्यासारखे ते ठरू शकते. युगांडा, केनिया व टांझानियातील ३,१४१ मुलांवरच्या फीस्ट चाचणीत (२०११) ४८ तासांतले मृत्यू अल्ब्युमिनच्या बोलसने (शिरेतून थोड्या वेळात दिलेल्या मोठ्या मात्रेने) १०.६ टक्के, सलाईनच्या बोलसने १०.५ टक्के आणि बोलस न देता ७.३ टक्के होते. तिथे अतिदक्षता विभाग नव्हते, हे निकाल वाचताना विसरू नये. २०२० च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात सुरुवातीला अल्ब्युमिनऐवजी क्षारद्रावण (सलाईनसारखे क्षारांचे पाणी) सुचवले आहे. अतिदक्षता सोय असल्यास ते किलोमागे १० ते २० मिलिलिटरच्या बोलसने द्यावे, पहिल्या तासात एकूण ४० ते ६० पर्यंत. प्रत्येक बोलसनंतर यकृत वाढले का, फुफ्फुसात करकर ऐकू येते का, या द्रव जास्त झाल्याच्या खुणा तपासून, आणि तसे आढळल्यास थांबून.

अहवालही चकवतात. अल्ब्युमिन डेसिलिटरला १ ग्रॅमने उतरले की अॅनायन गॅप (रक्तातल्या मोजलेल्या धन व ऋण आयनांमधला फरक) सुमारे २.५ ने कमी दिसतो आणि लॅक्टेटची आम्लता झाकली जाते. एकूण कॅल्शियमही खोटे कमी दिसते. म्हणून आयनीभूत (प्रथिनाला न चिकटलेले, मोकळे) कॅल्शियम मागवावे. कुपोषित किंवा नेफ्रोटिक सिंड्रोमच्या (लघवीतून प्रथिने वाहून जाणाऱ्या मूत्रपिंडविकाराच्या) मुलात अल्ब्युमिन आजाराआधीच कमी असते, तिथे जुना अहवाल शोधून तुलना करावी लागते.