तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र व अर्थशास्त्र (पीपीई)

हे तिन्ही विषय एकाच पदवीसाठी एकत्र शिकवणारा विद्यापीठीय अभ्यासक्रम. मूळ ऑक्सफर्ड विद्यापीठातले. इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘पीपीई’ हे नाव रूढ झाले. करोनाच्या साथीत घरोघरी पोचलेल्या पीपीई किटशी त्याचा संबंध नाही.

तिन्ही विषय मुळात वेगळे नव्हते. ॲडम स्मिथ ग्लासगोत नैतिक तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक होता आणि नीती, न्याय व राज्याचा महसूल हे सारे एकाच व्याख्यानमालेत शिकवी. केंब्रिजमध्ये १८४८ साली सुरू झालेल्या ‘मॉरल सायन्सेस’ (नैतिक शास्त्रे) परीक्षेतही अर्थशास्त्राचा समावेश होता. अर्थशास्त्रज्ञ ॲल्फ्रेड मार्शल यांच्या प्रयत्नाने १९०३ मध्ये तेथे अर्थशास्त्राची स्वतंत्र परीक्षा झाली. कौटिल्याने सांगितलेल्या चार विद्यांपैकी आन्वीक्षिकी (तत्त्वचिंतन), वार्ता (अर्थव्यवहार) व दंडनीती (राज्यकारभार) या तिघींशी पीपीईचे साम्य सहज नजरेत भरते. मात्र कौटिल्याच्या आन्वीक्षिकीत सांख्य, योग व लोकायत ही दर्शने येतात, तर वार्ता म्हणजे शेती, पशुपालन व व्यापार. साम्यापलीकडे जाऊन परंपरेचा धागा जोडण्यास आधार नाही.

ऑक्सफर्डमधील स्थापनेचे वर्ष कोठे १९२०, तर कोठे १९२१ दिलेले आढळते. अभ्यासक्रमास मान्यता १९२० मध्ये मिळाली आणि पहिले विद्यार्थी १९२१ च्या शरदात दाखल झाले, असे धरल्यास दोन्ही वर्षांचा मेळ बसतो. तोवर सनदी सेवेकडे जाणाऱ्यांची प्रतिष्ठित वाट ‘ग्रेट्स’ ही होती : ग्रीक व लॅटिन ग्रंथ, प्राचीन इतिहास आणि तत्त्वज्ञान. प्रवेशासाठी असलेली ग्रीकची सक्ती १९२० मध्येच उठली. ग्रीक न येणाऱ्यांसाठी त्या तोडीचे काही हवे, या गरजेतून आलेल्या नव्या अभ्यासक्रमाला ‘मॉडर्न ग्रेट्स’ हे नाव पडले.

यामागे मुख्य प्रेरणा कोणाची, याविषयी दोन मते संभवतात. एका मतानुसार ही तत्त्वज्ञांची निर्मिती; बॅलिअल कॉलेजचे ए. डी. लिंडसे यांचे नाव या संदर्भात अग्रभागी येते. (गोलमेज परिषदेच्या वेळी, १९३१ मध्ये, गांधीजी ऑक्सफर्डला ज्यांच्या घरी उतरले, तेच हे लिंडसे.) दुसऱ्या मतानुसार अर्थशास्त्र व राज्यशास्त्र यांना ऑक्सफर्डमध्ये पदविकेपलीकडे स्थान नव्हते, आणि केंब्रिज व लंडन पुढे गेल्यावर ही उणीव भरून काढणे भाग पडले. मूळ नियमात अभ्यासविषय सांगितला आहे तो ‘आधुनिक तत्त्वज्ञान’ आणि ‘आधुनिक समाजाची राजकीय व आर्थिक तत्त्वे व रचना’ असा. ही शब्दयोजना व नावातील क्रम पाहता पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. तत्त्वज्ञान येथे तिसरा विषय म्हणून आलेले नाही. उरलेल्या दोहोंना बांधणारी दोरी म्हणून ते आले आहे. दुसऱ्या मताने फार तर हे सारे त्याच सुमारास का घडले, याचा उलगडा होतो.

ही दोरी पुढे सैल झाली. आरंभी तिन्ही विषय अखेरपर्यंत सक्तीचे होते. १९६८ च्या सुमारास डाव्या विचाराच्या विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रमावर, तो प्रस्थापित व्यवस्थेची चिकित्सा करीत नाही, अशी टीका केली. १९७० मध्ये सक्ती शिथिल झाली, ती मात्र या टीकेला अनुसरून म्हणता येणार नाही. आता पहिल्या वर्षानंतर एक विषय सोडता येतो आणि बहुतेक विद्यार्थी तो सोडतात. म्हणजे नावात तीन विषय, व्यवहारात बहुधा दोनच.

पहिल्या वर्षी चिन्हात्मक तर्कशास्त्र (विधाने व युक्तिवाद चिन्हांनी मांडून तपासणारे) सर्वांना करावे लागते. राजकारणाच्या ओढीने आलेल्यांची पहिली गाठ पडते ती विधानांची सत्यासत्यता मांडणाऱ्या सत्यता-सारण्यांशी. अध्यापनाचा कणा म्हणजे ट्युटोरियल. आठवडाभर वाचून निबंध लिहायचा आणि शिक्षकासमोर, एकदोन सोबत्यांच्या देखत, त्याचा बचाव करायचा. परीक्षेला काळा झगा व कोटावर कार्नेशनचे फूल : पहिल्या पेपरला पांढरे, मधल्यांना गुलाबी, शेवटच्याला लाल. अर्थात ही रीत साऱ्या ऑक्सफर्डची आहे.

अभ्यासक्रमाची कीर्ती मुख्यतः राजकारण्यांमुळे झाली. ब्रिटिश पंतप्रधानांपैकी हॅरल्ड विल्सन (आधी इतिहास घेऊन नंतर इकडे वळलेले), एडवर्ड हीथ, डेव्हिड कॅमेरन, लिझ ट्रस व ऋषी सुनक हे पीपीईचे पदवीधर. बेनझीर भुत्तो, आँग सान स्यू की व ऑस्ट्रेलियाचे माल्कम फ्रेझर हेही. ‘सर्व विषयांत थोडे थोडे’ शिकून राज्य करणारा वर्ग यातून तयार होतो, हा आक्षेप जुनाच आहे. पण एका पदवीला इतके श्रेय किंवा दोष द्यावा काय, हा प्रश्न उरतोच, कारण तिच्याकडे वळणाऱ्यांत सत्तेची ओढ आधीपासूनच असणार.

अन्यत्र या जोडणीची रूपे वेगळी आहेत. येल विद्यापीठात तत्त्वज्ञानाच्या जागी नीतिशास्त्र येते. भारतात सोनिपतच्या अशोका विद्यापीठात पीपीई हा संयुक्त मुख्य विषय घेता येतो. मराठी वाचकाला जवळचे उदाहरण बाबासाहेब आंबेडकरांचे : अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात त्यांनी सेलिग्मन यांच्याकडे अर्थशास्त्र आणि ड्युई यांच्याकडे तत्त्वज्ञान अभ्यासले. त्यांच्या पदवीचे नाव अर्थातच पीपीई नव्हते. पुण्याच्या गोखले संस्थेच्या नावात १९३० पासून राज्यशास्त्र व अर्थशास्त्र शेजारी शेजारी आहेत. तत्त्वज्ञान तेवढे नाही.