इराटा आणि एफएक्यू: गेमच्या साइटवरची ही दोन पानं एक नाहीत

जुन्या मराठी पुस्तकात शेवटी एक पान असायचं बघा, शुद्धिपत्र. पृष्ठ, ओळ, अशुद्ध, शुद्ध असे चार रकाने. आमचे आजोबा पुस्तक वाचायला घ्यायच्या आधी पेन्सिल घेऊन बसायचे आणि सगळ्या दुरुस्त्या आत करून टाकायचे, मग पहिलं पान उघडायचे. बोर्डगेमवाले ज्याला इराटा म्हणतात ते हेच. आणि एफएक्यू म्हणजे शंकासमाधान, प्रवचन संपल्यावर मागून कोणीतरी हात वर करून विचारतं ना, तसलं. तिथे पोथी बरोबरच असते, विचारणाऱ्याला नीट उमगलेलं नसतं एवढंच.

छोट्या पब्लिशर्सच्या साइटवर मात्र हे दोन्ही सर्रास एकाच पानावर कोंबलेलं असतं, आणि मला त्याचा खरंच त्रास होतो.

आमचंच सांगते. बाहेरच्या एका छोट्या पब्लिशरचा गेम आणला होता, लाकूड-दगड गोळा करून गाव बांधायचं असला. तीन रविवार आम्ही चौघं खेळलो आणि तिन्ही वेळा ज्याच्याकडे सुताराचं कार्ड गेलं तो मागेच राहिला, कारण ते वापरायला 3 लाकडं लागायची आणि तेवढी हातात जमेपर्यंत गेम संपत आलेला असायचा. आम्हाला वाटलं आपलंच काहीतरी चुकतंय. मग भाच्याने साइट उघडली, वर मोठं सुंदर चित्र, खाली एफएक्यूचं लांबलचक पान, आणि पार खाली, टोकन संपले तर काय वगैरे प्रश्नांच्या मध्येच एक प्रश्न: सुतार कार्डवर 3 लाकूड आहे ते बरोबर आहे का? उत्तर: नाही, 2. बस, एवढंच, ना तारीख ना कुठल्या प्रिंटिंगमधली चूक आहे त्याचा पत्ता. आता ज्याला शंकाच आली नाही तो हा प्रश्न शोधायला जाईलच कशाला? कार्डवर स्पष्ट 3 छापलंय, त्यात शंका घ्यायला जागाच नाही!

खरा फरक इथेच आहे. एफएक्यू लागतं अडल्यावर, तेव्हा आपण स्वतःहून शोधतो. इराटा मात्र अडायच्या आधीच समोर यायला हवा, कारण चूक छापलेली असली तरी गेम चालतो, फक्त चुकीचा चालतो.

एफएक्यूचं साधं उदाहरण म्हणजे विंगस्पॅन, स्टोनमायर गेम्सचा 2019 चा पक्ष्यांचा गेम. नवीन माणूस हमखास विचारतो की पक्ष्याच्या कार्डवरची पॉवर वापरलीच पाहिजे का. नाही, सगळ्या पॉवर ऐच्छिक आहेत, आणि हे रूलबुकात लिहिलेलंच आहे, घाईघाईत नजरेतून सुटतं. याचं उत्तर सगळ्या डब्यांना सारखंच लागू, पहिल्या प्रिंटिंगचा असो की दहाव्या.

इराटाचं तसं नसतं. टेस्टिंगमध्ये आकडा बदलतो, रूलबुकात बदल होतो, कार्डाच्या फाइलमध्ये जुनाच राहतो, कंपनीत माणसं दोन-तीन, प्रूफ तपासणारेही तेच, आणि एकदा माल छापून जहाजावर चढला की तो परत बोलावणं परवडतच नाही. मग पुढच्या प्रिंटिंगमध्ये दुरुस्ती होते, म्हणजे एकाच नावाचे दोन डबे बाजारात, एकात चूक आणि एकात नाही. म्हणून इराटाच्या प्रत्येक ओळीला प्रिंटिंगचा उल्लेख पाहिजेच. ऑस्टिनच्या स्टीव्ह जॅक्सन गेम्सकडे (1980 पासूनची कंपनी) हे शिकावं, त्यांच्या साइटवर इराटाची वेगळी पानं आहेत आणि मंचकिन या त्यांच्या पत्त्यांच्या गेमचं एफएक्यू वेगळं.

तिसरी पद्धत जीएमटी गेम्ससारख्या वॉरगेमवाल्यांची, लिव्हिंग रूल्स. म्हणजे दुरुस्त्या आणि खुलासे सगळे आत घालून अख्खं रूलबुकच पीडीएफ म्हणून साइटवर ठेवायचं. मला हे फार आवडतं, पण एका अटीवर, बदललेला मजकूर वेगळ्या रंगात हवा आणि वर तारीख हवी, नाहीतर ज्याला जुने नियम पाठ आहेत त्याने काय अख्खं पुस्तक परत वाचायचं का?

आणि काही गोष्टी धड इकडच्याही नाहीत, तिकडच्याही नाहीत. 2016 च्या साइथ या गेममध्ये प्रत्येकाला एक गट आणि एक मॅट, म्हणजे समोर ठेवायचा छोटा पट, मिळतो; त्यात रुस्विएट गटाबरोबर इंडस्ट्रियल मॅट आणि क्रिमिया गटाबरोबर पॅट्रिऑटिक मॅट ही दोन कॉम्बिनेशन जास्तच भारी पडतात म्हणून नंतर बाद केली गेली. छपाईत चूक नव्हती, कोणाला शंकाही नव्हती, नियमच बदलला. असल्या गोष्टीला सरळ 'नियमबदल' म्हणून वेगळं लिहावं, एफएक्यूत ढकललं तर वाटतं आपणच आधी चुकीचं खेळत होतो, आणि तसं नसतं ना.

याला पैसे लागतात असंही नाही. फिरती चित्रं नसली तरी चालतील, त्या शुद्धिपत्राचे चार रकाने टाकले तरी पुरे: कुठलं कार्ड, कुठलं प्रिंटिंग, काय छापलंय, काय हवं. आणि खाली बदली कार्ड मागवायचा साधा फॉर्म, निदान घरी छापता येईल अशी फाइल तरी.

आमच्या सुताराच्या कार्डवर सध्या प्लॅस्टिकच्या कव्हरच्या आत कागदाची बारीक चिठ्ठी सरकवलीये, तिच्यावर पेन्सिलने 2 लिहिलंय. चौथ्या रविवारी ते कार्ड ज्याच्याकडे होतं त्याने पहिल्या अर्ध्या तासातच ते वापरलं.