जहाज-सुरक्षा व चाचेगिरीविरोधी प्रशिक्षण

जहाज-सुरक्षा व चाचेगिरीविरोधी प्रशिक्षण : चाचेगिरी, सशस्त्र दरोडा, घातपात, तस्करी आणि चोरून जहाजावर चढणारी माणसे यांपासून जहाज, माल व खलाशी यांचे रक्षण कसे करावे, याचे व्यापारी जहाजांवरील सर्व दर्जांच्या खलाशांना व अधिकाऱ्यांना दिले जाणारे सक्तीचे शिक्षण. नौदल किंवा तटरक्षक दलातील सैनिकी शिक्षणाशी त्याची गल्लत करू नये. येथील शिकाऊ उमेदवार हा नि:शस्त्र नागरिक असतो आणि प्रशिक्षणानंतरही तो तसाच राहतो.

‘सुरक्षा’ या शब्दाविषयी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. मराठीत हा शब्द दोन वेगळ्या अर्थांनी चालतो. कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या कारखान्याच्या फाटकावर लागलेला ‘सुरक्षा सप्ताह’ हा फलक अपघातांविषयी असतो, तर त्याच फाटकावर बसलेला ‘सुरक्षा रक्षक’ चोरांसाठी असतो. जहाजावर हे दोन अर्थ काटेकोरपणे वेगळे ठेवावे लागतात, आणि म्हणून मराठी खलाशीही बोलताना ‘सेफ्टी’ व ‘सिक्युरिटी’ हेच शब्द वापरतात. आग, बुडणे, यंत्रातील बिघाड हे पहिल्यात मोडतात. माणसाने हेतुपुरस्सर केलेला अपाय दुसऱ्यात. दोहोंच्या गरजा कधीकधी परस्परविरोधी असतात. आगीच्या वेळी जो दरवाजा आतून सहज उघडला पाहिजे, तोच चाचे आल्यावर बाहेरून उघडता येऊ नये, अशी अपेक्षा असते. प्रशिक्षणातील बराच अवघड भाग या एका दरवाजाभोवती फिरतो. या नोंदीत ‘सुरक्षा’ हा शब्द दुसऱ्याच अर्थाने वापरला आहे.

व्याख्येचा प्रश्न : संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या समुद्रकायदा करारातील कलम १०१ नुसार खाजगी जहाजावरील माणसांनी, खाजगी हेतूने, खुल्या समुद्रात दुसऱ्या जहाजाविरुद्ध केलेली हिंसा, अटकाव किंवा लूट म्हणजे चाचेगिरी होय. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आत, म्हणजे एखाद्या राष्ट्राच्या प्रादेशिक समुद्रात, हेच कृत्य घडले तर त्यास ‘जहाजावरील सशस्त्र दरोडा’ म्हणतात. या व्याख्येतील उणीव १९८५ मध्ये ‘अकिले लॉरो’ या इटालियन प्रवासी जहाजाच्या अपहरणाच्या वेळी उघड झाली. अपहरणकर्ते त्याच जहाजावर प्रवासी म्हणून चढले होते, दुसरे जहाज प्रसंगात नव्हतेच, आणि त्यांचा हेतूही राजकीय होता. त्यातूनच समुद्रप्रवासाच्या सुरक्षेविरुद्धच्या गुन्ह्यांसंबंधीचा १९८८ चा रोम करार झाला.

कोल्हापूरच्या वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये. सह्याद्रीच्या पूर्वेस असलेल्या करवीर (कोल्हापूर) संस्थानाचे आरमार मालवण-सिंधुदुर्ग येथे होते, आणि मुंबईकर इंग्रजांच्या कागदपत्रांत ते प्राय: चाच्यांचा तळ म्हणूनच येते. महाराणी जिजाबाईंच्या कारभारकाळात, १७६५ मध्ये, मुंबई सरकारने मोहीम काढून सिंधुदुर्ग घेतला, त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले आणि पुढे तहान्वये तो परत केला. १७९२ मध्ये पुन्हा मोहिमेची तयारी झाली, तेव्हा १७८५ पासून इंग्रज व्यापाऱ्यांचे झालेले नुकसान भरून देण्याचे व मालवण आणि कोल्हापूर येथे वखारी घालू देण्याचे छत्रपतींनी मान्य केले. अखेर १८१२ च्या तहाने मालवण व सिंधुदुर्ग इंग्रजांकडे गेले आणि करवीरचा समुद्राशी असलेला राजकीय संबंध संपला.

इंग्रज अमदानीतील गॅझेटियरांनी हा सर्व व्यवहार सरसकट चाचेगिरी ठरविला. मराठी इतिहासलेखकांचा कल याउलट आहे. पोर्तुगीज लोक इतरांच्या जहाजांना ‘कार्ताझ’ हा परवाना देत व तो नसल्यास जहाज धरीत. मराठ्यांचे ‘दस्तक’ त्याच जातीचे होते. आणि कान्होजी आंग्रे यांना चाचा म्हणणारे इंग्रज स्वत:च्या परवान्यांची अंमलबजावणी मात्र कायदेशीर मानीत, असा या पक्षाचा युक्तिवाद आहे. आजच्या व्याख्येतील ‘खाजगी हेतू’ ही अट लावल्यास दरबारच्या हुकमाने निघालेले गलबत चाच्याचे ठरत नाही, त्यामुळे हा दुसरा पक्ष अधिक सयुक्तिक वाटतो. मात्र राजाज्ञेने वसूल केलेली जकात आणि खलाशांनी परस्पर केलेली लूट यांतील रेषा त्या काळी जगातील सर्वच किनाऱ्यांवर पुसट होती, हेही लक्षात ठेवले पाहिजे. युरोपातही सरकारी परवान्याने चालणारी खाजगी लूट १८५६ च्या पॅरिस जाहीरनाम्यापर्यंत कायदेशीर होती. (घाटावरच्या या शहराचा समुद्राशी संबंध त्याहून पुष्कळ जुना आहे. ब्रह्मपुरी टेकडीवर पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची लहानशी कांस्यमूर्ती सापडली. ती साधारणपणे इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील व रोमन व्यापारातून आलेली मानली जाते.)

आंतरराष्ट्रीय चौकट : प्रशिक्षणाचा आजचा साचा दोन दस्तऐवजांवर उभा आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने डिसेंबर २००२ मध्ये लंडन येथे ‘आयएसपीएस’ या नावाने ओळखली जाणारी जहाज व बंदर सुरक्षा संहिता संमत केली, व ती १ जुलै २००४ पासून अमलात आली. आंतरराष्ट्रीय प्रवास करणारी प्रवासी जहाजे आणि ५०० व त्याहून अधिक सकल टनभाराची मालवाहू जहाजे तिच्या कक्षेत येतात. प्रत्येक जहाजावर एक सुरक्षा अधिकारी, कंपनीत एक व बंदरात एक, अशी जबाबदारीची साखळी तिने घातली. धोक्याच्या चढत्या क्रमाने तीन सुरक्षा-पातळ्या ठरविल्या आणि प्रत्येक जहाजाची सुरक्षा-योजना गोपनीय ठेवण्याचे बंधन घातले. ही योजना इतकी गोपनीय असते की, तपासणीस आलेल्या परदेशी बंदर-निरीक्षकालाही ती एरवी दाखविली जात नाही.

दुसरा दस्तऐवज म्हणजे खलाशांचे प्रशिक्षण व प्रमाणपत्रे यांविषयीचा १९७८ चा ‘एसटीसीडब्ल्यू’ करार. जून २०१० मध्ये मनिला येथे त्यात झालेल्या व १ जानेवारी २०१२ पासून लागू झालेल्या दुरुस्त्यांनी सुरक्षा-प्रशिक्षण खालच्या दर्जाच्या खलाशापर्यंत पोहोचविले. तोपर्यंत ते मुख्यत: अधिकाऱ्यापुरते होते. दुरुस्तीनंतर तीन पायऱ्या झाल्या. जहाजावरील प्रत्येकाला, अगदी भंडाऱ्यालाही (जहाजावरील आचाऱ्यालाही), सुरक्षा-जाणिवेचे शिक्षण. ज्यांच्याकडे पहारा, झडती किंवा तपासणी अशी नेमून दिलेली कामे आहेत त्यांना त्यावरचे शिक्षण. आणि किमान बारा महिन्यांची समुद्रसेवा किंवा तत्सम अनुभव व जहाजाच्या कामकाजाचे ज्ञान असणाऱ्याला जहाज सुरक्षा अधिकाऱ्याचे शिक्षण. व्यवहारात हे शेवटचे पद बहुधा चीफ ऑफिसरकडे (कप्तानाच्या खालोखालच्या अधिकाऱ्याकडे) असते. तिन्ही अभ्यासक्रम मोजक्याच दिवसांचे आहेत. प्रमाणपत्राने शिक्षण पुरे होत नाही, कारण संहितेनुसार जहाजावर निदान तीन महिन्यांतून एकदा कवायत व्हावी लागते. चौथ्या हिश्शाहून अधिक खलाशी एकदम बदलले आणि नव्यांनी त्या जहाजावरील गेल्या तीन महिन्यांतील कवायतीत भाग घेतलेला नसेल, तर आठवड्याच्या आत ती पुन्हा घ्यावी लागते.

प्रशिक्षणाचा आशय : सर्वांत आधी शिकविले जाते ते गँगवेवरील, म्हणजे जहाजावर चढण्याच्या शिडीवरील, पहाऱ्याचे काम, आणि बंदरातील बहुतेक चोऱ्या याच जागी अडविता येतात. शिडीच्या तोंडाशी उभा असलेला खलाशी येणाऱ्याचे ओळखपत्र चेहऱ्याशी ताडून पाहतो, नोंदवहीत नाव, काम व वेळ लिहून घेतो, गळ्यात अडकविण्याचा पास देतो आणि पाहुण्याला एकटे न सोडता सोबत माणूस देतो. कपडे, भाषा किंवा वंश यांवरून कोणालाही संशयित ठरवू नये, वागणुकीवरून ठरवावे, असे करारातच घातलेले आहे. त्यानंतर झडतीची पद्धत, बेवारस वस्तूला हात न लावता ती कळविणे आणि सुरक्षा-संकेत यंत्रणा हे विषय येतात. ही यंत्रणा चालू करण्याची बटणे किमान दोन ठिकाणी, त्यांपैकी एक ब्रिजवर (जहाज चालविण्याच्या कक्षात), बसविलेली असतात. बटण दाबले तरी जहाजावर कोठेही घंटा वाजत नाही. संदेश उपग्रहामार्फत किनाऱ्यावर जातो आणि चाच्याला त्याचा पत्ता लागत नाही.

चाचेगिरीविरोधी भाग प्रामुख्याने सोमाली किनाऱ्यावरील २००८ ते २०११ च्या अनुभवातून तयार झाला. जहाज-उद्योगातील संघटनांनी ‘बीएमपी’ या नावाने काढलेली मार्गदर्शिका त्याचे मुख्य पाठ्यसाहित्य आहे. तिची पाचवी आवृत्ती २०१८ मध्ये निघाली. या शिक्षणाचे सूत्र झुंज हे नसून वेळ हे आहे. चाच्यांच्या छोट्या वेगवान होड्या सामान्यत: जहाजाच्या मागील बाजूने येतात, टोकाला आकडे असलेली शिडी कठड्याला अडकवितात आणि काही मिनिटांत वर पोहोचतात. ही मिनिटे वाढविणे एवढेच खलाशांच्या हाती असते. म्हणून दुहेरी टेहळणी, वेग वाढविणे (१८ नॉटहून, म्हणजे ताशी १८ सागरी मैलांहून, अधिक वेगाने जाणाऱ्या जहाजावर सोमाली चाचे चढू शकल्याची नोंद चौथ्या आवृत्तीपर्यंत नव्हती), नागमोडी मार्ग, कठड्यावरून पाण्याचे फवारे आणि पात्यांच्या तारेची वेटोळी यांवर भर दिला जातो. ही तार उलगडणे वर्गात सोपे वाटते. प्रत्यक्षात जाड हातमोजे व चेहऱ्यावर आवरण घालून, वेटोळे हाताने न धरता आकड्यांनी ओढत, ती बांधावी लागते. ढिली राहिलेली एक गाठ शिडी अडकवायला पुरेशी असते.

हे सर्व फसल्यास उरते ते ‘सिटाडेल’, म्हणजे आतून बंद करता येणारी आश्रयखोली. ती बहुधा इंजिनविभागात किंवा सुकाणूयंत्राच्या खोलीत केलेली असते. तेथे अन्न, पाणी, औषधे, शौचाची सोय आणि बाहेरशी स्वतंत्र संपर्काचे साधन ठेवावे लागते. एकही माणूस बाहेर राहिला तर सिटाडेल निरुपयोगी ठरते, कारण नौदल तेव्हा जहाजावर चाल करून जाण्यास धजत नाही. त्यामुळे शिरगणती हा या कवायतीचा मुख्य भाग असतो. ४ जानेवारी २०२४ रोजी अरबी समुद्रात ‘लीला नॉरफोक’ या जहाजावर सशस्त्र टोळी चढली, तेव्हा पंधरा भारतीयांसह सर्व एकवीस खलाशी सिटाडेलमध्ये गेले व दुसऱ्या दिवशी ‘आयएनएस चेन्नई’वरील कमांडोंनी त्यांना सुखरूप बाहेर काढले. खलाशांनी स्वत: बंदुका बाळगाव्यात, ही सूचना अधूनमधून होते, परंतु आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा तिला ठाम विरोध आहे.

सशस्त्र खाजगी रक्षक नेमण्यास भारताने २०११ मध्ये आपल्या जहाजांना मुभा दिली. पुढच्याच वर्षी केरळजवळ ‘एनरिका लेक्सी’ या इटालियन जहाजावरील नौसैनिकांच्या गोळीबारात दोन मच्छीमार ठार झाले. त्यांना चाचे समजण्यात आले होते. त्यानंतर मासेमारी नौका व चाच्यांची होडी यांतील फरक ओळखणे हा प्रशिक्षणातील स्वतंत्र मुद्दा झाला. सोमाली चाचेगिरीसाठी जहाज-उद्योगाने आखलेल्या धोक्याच्या क्षेत्राची पूर्वेकडील सीमा, जी भारताचा सबंध पश्चिम किनारा कवेत घेत होती, ती डिसेंबर २०१५ मध्ये ६५ अंश पूर्व रेखांशापर्यंत मागे आली आणि जानेवारी २०२३ पासून ते क्षेत्रच रद्द झाले. लाल समुद्रातील २०२३ अखेरीपासूनचे क्षेपणास्त्र व ड्रोन हल्ले कलम १०१ च्या चौकटीत बसत नाहीत. वर्गात मात्र ते चाचेगिरीच्या शेजारीच शिकविले जातात.

भारतातील स्थिती : अभ्यासक्रमांना मान्यता देण्याचे काम मुंबईतील नौवहन महासंचालनालय करते. पकडलेल्या चाच्यांविषयी कायद्याची बाजू दीर्घकाळ कच्ची होती. ‘अलोंड्रा रेनबो’ हे अपहृत जहाज १९९९ मध्ये तटरक्षक दल व नौदल यांनी पकडले, आरोपींना मुंबईत २००३ साली शिक्षा झाली, आणि २००५ साली उच्च न्यायालयात ते सुटले. चाचेगिरीविरोधी स्वतंत्र कायदा २०२२ मध्ये संसदेने केला. मार्च २०२४ मध्ये ‘रुएन’ या जहाजावरून ‘आयएनएस कोलकाता’ने पकडलेले ३५ सोमाली चाचे मुंबईत आणून पोलिसांच्या हवाली करण्यात आले.

मान्यताप्राप्त संस्था मुख्यत्वे बंदरशहरांत असल्याने कोल्हापूर, करवीर, पन्हाळा किंवा गडहिंग्लजकडील उमेदवार रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबई-नवी मुंबईस किंवा घाट उतरून गोव्यास जातात. अभ्यासक्रमाची भाषा इंग्रजी असते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना विषयापेक्षा रेडिओवरील बोलणे जड जाते, आणि म्हणून अनेक प्रशिक्षक पहिल्याच दिवशी जहाजाचे नाव, सात अंकी आयएमओ क्रमांक (जहाजाचा कायमचा ओळख क्रमांक), स्थान, हल्ल्याचा प्रकार व माणसांची संख्या हा मजकूर, व्हीएचएफ रेडिओच्या सोळाव्या चॅनेलवर सांगायच्या क्रमाने, पाठ करून घेतात.